दार बंद करावें कीं घर सांवरावें?

गेल्या सहामाहींत आमच्या वरच्या वर्गांत एक लहानसा वादविवाद झाला. विषय मुलांनींच निवडला होता : ‘देशाच्या पैशानें शिकून परदेशीं जाणारा डॉक्टर कृतघ्न होय काय?’ ‘होय’ म्हणणाऱ्यांचा पक्ष मोठा होता, आणि त्यांना टाळ्याहि पुष्कळ मिळाल्या. इतक्यांत मागल्या बांकावरून एक मुलगी उठली व तिनें विचारलें, “जाणाऱ्याला आपण कृतघ्न म्हणतों, पण तो कां गेला, हें त्याला कोणीं विचारलें आहे काय?” तोंच तासाची घंटा झाली. वर्ग उठला, परंतु तो प्रश्न आमच्याजवळ राहिला. विद्यार्थ्याच्या प्रश्नास बगल देणें शिक्षकास शोभत नाहीं. म्हणून या वार्षिक अंकाच्या निमित्तानें आम्ही आमचें मत येथें मांडीत आहों.

आपल्या घरचें उदाहरण घेतलें म्हणजे मनें लवकर तापतात. कोणाचा भाऊ परदेशीं असतो, कोणाची बहीण जाण्याच्या तयारींत असते. म्हणून आम्ही दूरचें उदाहरण घेतों, तें तुर्कस्तानाचें. त्या देशांत वैद्यकीय शिक्षणाची परंपरा जुनी आहे व डॉक्टरी पेशास मानहि मोठा आहे. आणि तरीहि अलीकडच्या वर्षांत तेथील अनेक तरुण डॉक्टरांचे डोळे परदेशाकडे लागले आहेत. असें कां व्हावें?

तुर्की लोक १४ मार्च हा दिवस वैद्यकदिन म्हणून पाळतात. १८२७ सालीं याच दिवशीं सुलतान दुसरा महमूद याच्या कारकीर्दींत इस्तंबूल येथें पाश्चात्य पद्धतीचें वैद्यकीय विद्यालय सुरू झालें. सुलतानास आपल्या नव्या सैन्यासाठीं डॉक्टर हवे होते. १८३९ पासून हें शिक्षण फ्रेंच भाषेंतून दिलें जाऊं लागलें. पुढें खुद्द विद्यार्थ्यांनीं खटपट केली आणि १८७० च्या सुमारास तें मातृभाषेंत आलें. पहिल्या महायुद्धानंतर इस्तंबूल परकी सैन्याच्या ताब्यांत असतां, १४ मार्च १९१९ रोजीं वैद्यकीय विद्यार्थ्यांनीं आपल्या विद्यालयाचा वाढदिवस साजरा करून राष्ट्रीय भावना उघडपणें प्रकट केली. अशा देशांत डॉक्टर हा केवळ औषध देणारा मनुष्य राहत नाहीं. तो राष्ट्राच्या स्वाभिमानाचा एक वाटेकरी होतो. म्हणून त्याचें निघून जाणें लोकांच्या जिव्हारीं लागतें, यांत नवल नाहीं.

तेथें डॉक्टर होणें सोपेंहि नाहीं. माध्यमिक शिक्षण संपल्यावर साऱ्या देशासाठीं एकच प्रवेशपरीक्षा असते, आणि तींत फार वरचा क्रमांक मिळविणाऱ्यांनाच वैद्यकाचा वर्ग उघडतो. अभ्यासक्रम सहा वर्षांचा. आरंभींचीं वर्षें शरीररचना, शरीरव्यापार व रोगविज्ञान यांत जातात. मधलीं वर्षें रोग्याच्या खाटेजवळ. आणि सहावें वर्ष इस्पितळांत उमेदवारी करण्यांत. पदवी हातीं आली तरी लगेच मोकळीक नाहीं. सरकारी सेवेची सक्ती मध्यंतरीं रद्द झाली होती, ती २००५ सालीं पुन्हां लागू झाली. देशाच्या कोणत्या भागांत नेमणूक होते त्यावर तिची मुदत ठरते. ती सुमारें ३०० पासून ६०० दिवसांपर्यंत असते. विशेषज्ञ व्हावयाचें असेल तर ‘तुस’ या नांवाची आणखी एक कठीण परीक्षा द्यावी लागते, आणि विशेषज्ञ झाल्यावर सक्तीची सेवा पुन्हां उभीच असते.

या सक्तीच्या हेतूविषयीं आमची तक्रार नाहीं. पूर्वेकडील हक्कारी, शिरनाक अशा डोंगराळ प्रांतांतील आईलाहि बाळंतपणाच्या वेळीं डॉक्टर हवा असतो. इस्तंबूलच्या आईलाच तो मिळावा, हा न्याय नव्हे. आपल्या महाराष्ट्रांतहि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतून पदवी घेणाऱ्यास एक वर्षाच्या सेवेचें बंधन आहे, तें याच हेतूनें. परंतु सक्ती डॉक्टरास गांवीं पोंचविते. त्याला तेथें ठेवण्याचें काम तिच्यानें होत नाहीं. तें दुसऱ्याच कांहीं गोष्टींनीं होतें, आणि तुर्कस्तानांत नेमकें तेथेंच बिनसलें.

प्रथम कामाचा भार पाहा. २०२१ च्या सुमारास तुर्कस्तानांत दर हजार लोकांमागें सुमारें २.२ डॉक्टर होते. विकसित देशांच्या आर्थिक संघटनेंतील राष्ट्रांची सरासरी सुमारें ३.७ होती व जर्मनींत हें प्रमाण ४.५ च्या आसपास होतें. म्हणजे तेथील एका डॉक्टरावर जर्मनींतील दोघांचें काम. इस्पितळांत शिकाऊ विशेषज्ञ दिवसाचें काम करितो, त्यावर रात्रपाळी करितो, आणि पुन्हां दुसऱ्या दिवसाचें काम करितो. सलग छत्तीस तास उभा राहतो. बाह्यरुग्ण विभागांत एका रोग्यास पांच मिनिटें, असा हिशेब लागूं लागला, तेव्हां डॉक्टरांनींच त्याविरुद्ध आवाज उठविला. पांच मिनिटांत नाडी पाहतां येईल. परंतु माणूस पाहतां येईल काय?

दुसरी गोष्ट पैशाची. ऑक्टोबर २०२२ मध्यें सरकारी आकड्यांप्रमाणेंच महागाई वर्षभरांत ८५ टक्क्यांनीं वाढली होती. पगाराचा आकडा तोच राहिला तरी त्यांत येणारी भाकरी निम्मी होते, हें गृहिणीस समजावून सांगावें लागत नाहीं.

आणि तिसरी गोष्ट सर्वांत वाईट, ती मारहाणीची. एप्रिल २०१२ मध्यें गाझियांतेप येथें एका तरुण शल्यचिकित्सकास मृत रोग्याच्या नातवानें इस्पितळांतच भोंसकून ठार केलें. पुढें तक्रार नोंदविण्याची खास व्यवस्था झाली, कायदेहि झाले. तरी ६ जुलै २०२२ रोजीं कोन्या येथील इस्पितळांत एका हृदयरोगतज्ज्ञास रोग्याच्या नातलगानें गोळ्या घालून मारलें. ज्याच्या हातीं आपण आपला जीव देतों त्याचाच जीव आपल्या हातून जावा, याहून लाजिरवाणें तें काय?

परदेशीं काम करूं इच्छिणाऱ्या डॉक्टरास स्वदेशांतून सद्वर्तनाचा दाखला घ्यावा लागतो. तुर्की डॉक्टरांच्या संघटनेनें दिलेल्या आकड्यांप्रमाणें २०१२ सालीं असे ५९ दाखले मागितले गेले. २०२१ सालीं १,४०५. आणि २०२२ सालीं २,६८५. दाखला घेणारा प्रत्येक जण गेलाच, असें नव्हे. कित्येकांचे कागद कपाटांतच राहिले असतील. पण दहा वर्षांत इतक्या लोकांच्या मनांत जाण्याचा विचार यावा, हेंच पुरेसें बोलकें आहे.

८ मार्च २०२२ रोजीं त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांनीं जाहीर भाषणांत अशा आशयाचे उद्‌गार काढले कीं, जाणारे डॉक्टर खुशाल जावोत, आम्ही नव्या पदवीधरांना घेऊन काम चालवूं. त्यानंतर आठवडाभरांतच, वैद्यकदिनीं, डॉक्टरांनीं देशभर काम बंद ठेवलें. सरकारची भाषाहि मवाळ झाली, आणि त्या वर्षांत पगारवाढ व मारहाणीविरुद्ध अधिक कडक कायदा या दोन्ही गोष्टी आल्या. आम्ही हें कोणा पुढाऱ्यास दूषण देण्यासाठीं लिहीत नाहीं. रागाच्या भरांत ‘जा’ म्हणणें फार सोपें असतें. घरोघरच्या वडीलधाऱ्यांना त्याचा अनुभव आहे. परंतु ज्याला ‘जा’ म्हटलें तो खरोखरच निघाला, म्हणजे रिकामी झालेली त्याची खोली काय सांगते, तें त्याच वडिलांना रात्रीं कळतें.

जाणाऱ्याची वाट फुलांची असते, अशी मात्र कोणी समजूत करून घेऊं नये. बरेच तुर्की डॉक्टर जर्मनीकडे वळतात. २०१२ पूर्वीं तेथें युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकास डॉक्टरीचा पूर्ण परवाना सहसा मिळत नसे, केवळ तात्पुरती परवानगी मिळे. त्या वर्षीं नवा कायदा होऊन ही अट गेली. तरीहि आपलें शिक्षण जर्मन शिक्षणाच्या तोडीचें आहे हें सिद्ध करावें लागतें, नाहीं तर ज्ञानपरीक्षा द्यावी लागते. त्याशिवाय वैद्यकीय भाषेची परीक्षा आहे. तिचे तीन भाग, प्रत्येक वीस मिनिटांचा : रोग्याशीं बोलणें, तें बोलणें लिहून काढणें, आणि तीच हकीकत दुसऱ्या डॉक्टरास सांगणें. इस्तंबूलमध्यें शंभर शस्त्रक्रियांत हात घातलेला मनुष्य येथें ‘आपल्या पोटांत कोठें दुखतें?’ हें वाक्य शुद्ध बोलतां यावें म्हणून शाळकरी मुलाप्रमाणें घोकंपट्टी करितो.

इंग्लंडची वाट धरली तर आधीं इंग्रजी भाषेची परीक्षा, मग ‘प्लॅब’ परीक्षेचे दोन भाग. पहिला लेखी, १८० प्रश्नांचा, आणि दुसरा प्रात्यक्षिक, जो मॅंचेस्टर येथें जाऊनच द्यावा लागतो. अमेरिकेची वाट सर्वांत लांब. तेथील परवाना-परीक्षेच्या पायऱ्या चढावयाच्या, मग इस्पितळांत शिकाऊ जागा मिळते कीं नाहीं याची वाट पाहावयाची, आणि मिळाली तर पुन्हां निदान तीन वर्षें उमेदवारी करावयाची. स्वदेशांत विशेषज्ञ असलेला मनुष्य तेथें पुन्हां पहिल्या पायरीवर उभा राहतो. एवढें सारें सोसून जो जातो, तो केवळ चैनीच्या लोभानें जातो, असें म्हणणें आम्हांस धाडसाचें वाटतें.

आतां थोडें मागें जाऊं. कारण याच वाटेवरून एके काळीं उलट दिशेनें माणसें आलीं होतीं. १९३३ सालीं जर्मनींत हिटलरची सत्ता आली आणि यहुदी व विरोधी विचारांच्या प्राध्यापकांना विद्यापीठांतून घालवून देण्यांत आलें. त्याच वर्षीं तुर्कस्तानांत जुनी विद्यासंस्था मोडून इस्तंबूल विद्यापीठ स्थापन होत होतें. फिलिप श्वार्ट्‌झ या रोगविज्ञानाच्या प्राध्यापकानें मध्यस्थी केली आणि घरावेगळ्या झालेल्या पंडितांना तेथें आसरा मिळाला. शल्यचिकित्सक रुडोल्फ निसेन आले, वैद्यकतज्ज्ञ एरिख फ्रांक आले. बालरोगतज्ज्ञ आल्बर्ट एकश्टाइन १९३५ पासून अंकारा येथें काम करूं लागले व अनातोलियाच्या खेड्यापाड्यांतून हिंडून त्यांनीं मुलांच्या आजारांचा अभ्यास केला. करारांत अट होती कीं कांहीं वर्षांत तुर्की शिकून त्याच भाषेंत शिकवावें. तोंपर्यंत प्राध्यापक जर्मनमध्यें बोलत व शेजारीं उभा असलेला तुर्की साहाय्यक वाक्यामागून वाक्य भाषांतर करून सांगे. आज तुर्की डॉक्टर जर्मन व्याकरण घोकतात. त्या वेळीं जर्मन प्राध्यापक तुर्की व्याकरण घोकीत होते. फ्रांक तर पुढें परत गेलेच नाहींत. १९५७ सालीं इस्तंबूलमध्येंच त्यांचा अंत झाला.

या इतिहासांतून आम्हांस एक साधी गोष्ट दिसते. विद्या जेथें हाकलली जाते तेथून निघते, आणि जेथें तिला बसावयास पाट मिळतो तेथें राहते. जर्मनीनें १९३३ सालीं जें गमावलें तें पुढें कित्येक वर्षें भरून आलें नाहीं. तुर्कस्तानानें जें कमावलें तें कांहीं केवळ पैसा देऊन नव्हे; मान देऊन, काम देऊन आणि विश्वास टाकून.

गेलेला प्रत्येक जण देशास मुकतो, असेंहि नाहीं. साफिये अली ही तुर्कस्तानची पहिली स्त्री-डॉक्टर समजली जाते. इस्तंबूलच्या ज्या अमेरिकन कन्याविद्यालयांत ती शिकली, तें मूळ मिशनच्याच प्रयत्नानें निघालेलें. तिच्या तरुणपणीं इस्तंबूलच्या वैद्यकीय विद्यालयाचें दार स्त्रियांना बंद होतें. म्हणून ती जर्मनींत वुर्ट्‌सबुर्ग येथें शिकावयास गेली. शिकून ती परत आली, इस्तंबूलमध्यें तिनें दवाखाना काढला, आयाबाळांसाठीं काम केलें. आणि उत्तर आयुष्यांत पुन्हां जर्मनींत जाऊन १९५२ सालीं तेथेंच वारली. तिला आपण कोणत्या देशाची कृतघ्न म्हणावें? अझीझ संजार हे मार्दीन प्रांतांतील सावूर गांवचे. आईबाप निरक्षर. इस्तंबूल येथें डॉक्टर झाल्यावर त्यांनीं प्रथम आपल्याच भागांत रोगी तपासले, मग अमेरिकेस जाऊन संशोधनास वाहून घेतलें. २०१५ सालीं त्यांना रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि तें पदक त्यांनीं पुढल्या वर्षीं अंकारा येथील अतातुर्काच्या स्मारकास अर्पण केलें. मनुष्य गेला, पण पदक घरीं आलें. उलट हुलुसी बेहचेत इस्तंबूलमध्येंच राहिले, आणि १९३७ सालीं तोंडांतील व्रण व डोळ्यांचा दाह यांसह येणाऱ्या ज्या रोगाचें त्यांनीं वर्णन केलें, तो आज सर्व जगांत त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. म्हणजे जाण्यानेंच मोठेपण येतें असें नाहीं, आणि राहण्यानें तें खुंटतें असेंहि नाहीं.

आतां ‘होय’ पक्षाच्या मुलांचेंहि म्हणणें नीट ऐकिलें पाहिजे. तें अगदींच निराधार नव्हे. सरकारी विद्यापीठांत डॉक्टराच्या शिक्षणाचा बहुतेक भार लोकांच्या करांतून उचलला जातो. ज्या शेतकऱ्यानें तो कर भरला त्याच्या गांवीं डॉक्टर नसावा आणि म्युनिकच्या इस्पितळांत तो असावा, हें त्या शेतकऱ्यास कसें रुचावें? हें ऋण खरें आहे. परंतु तें एकट्या डॉक्टराच्या डोक्यावर ठेवूं नये. जो श्रीमंत देश दुसऱ्याच्या सहा वर्षांच्या खर्चानें तयार झालेला डॉक्टर आयता घेतो, त्याच्यावरहि तें आहे. २०१० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें परदेशी आरोग्यसेवकांच्या भरतीविषयीं आचारसंहिता केली, ती याच जाणिवेनें; पण ती पाळणें स्वखुषीचें आहे, आणि स्वखुषीचीं बंधनें सोयीप्रमाणें सैल होतात, हें शाळेंतहि आम्ही रोज पाहतों.

तेव्हां मागल्या बांकावरील त्या मुलीस आमचें उत्तर असें. जाणारा डॉक्टर जाण्यामुळेंच कृतघ्न ठरत नाहीं. त्यानें जाण्यापूर्वीं आपल्या लोकांस कांहीं वर्षें मनापासून दिलीं काय, आणि गेल्यावर त्यांची आठवण ठेविली काय, यावरून त्याची पारख करावी. देशाचीहि पारख तशीच करावी. त्यानें डॉक्टरास विश्रांति, वेळ, पोटापुरतें वेतन आणि निर्भयता दिली काय? हें दिल्यावरहि जो जाईल त्यास बोल लावावा. न देतां दाराला कडी घालणारा देश घर सांवरीत नाहीं. तो फक्त आंतल्या माणसांना कोंडतो.

तुर्कस्तानाशीं आपलें नातें केवळ वर्तमानपत्रांतलें नाहीं. १९१२ च्या अखेरीस, बाल्कन युद्धांतील जखमी तुर्की सैनिकांच्या शुश्रूषेसाठीं डॉ. अन्सारी यांच्या नेतृत्वाखालीं येथून एक वैद्यकीय पथक तिकडे गेलें होतें. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपांत तेथें पन्नास हजारांहून अधिक माणसें मेलीं, तेव्हां भारतीय सैन्यानें इस्केंदेरून येथें आपलें फिरतें इस्पितळ उभारलें. घायाळाजवळ बसलेल्या डॉक्टरास तो कोणत्या देशाचा, हें त्या वेळीं कोणी विचारीत नाहीं.

शेवटीं आमच्या विद्यार्थ्यांस एक गोष्ट सांगावयाची आहे. तुमच्यापैकीं डॉक्टर थोडेच होतील, आणि त्यांतून परदेशीं जातील ते आणखी थोडे. परंतु केव्हां ना केव्हां रोग्याचे नातलग तुम्ही सर्वच व्हाल. रात्रीं दोन वाजतां, आपलें माणूस आंत खाटेवर असतां, बाहेर ओसरींत तुम्ही उभे असाल. समोरून झोपेनें डोळे लाल झालेला एक तरुण डॉक्टर येईल व कदाचित् वाईट बातमी सांगेल. त्या क्षणीं तुमचा हात कोठें जाईल? आपल्या राज्यांत डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१० सालीं खास कायदा करावा लागला, ही आपल्याहि ओसरीची गोष्ट आहे. कायदा हल्लेखोरास नंतर धरील. हात आधीं आवरणें तुमच्याकडे आहे. त्या तरुणानें दुसऱ्या दिवशीं सकाळीं परदेशाचा अर्ज भरावा, कीं तोंड धुऊन पुन्हां खाटेजवळ यावें, हें कांहीं अंशीं त्या एका क्षणावर ठरतें. वर्गांतील वाद तुम्हीं टाळ्यांनीं जिंकला. पण त्याचें खरें उत्तर तुम्हांला त्या ओसरींत द्यावयाचें आहे.